एका अक्षराचे मोल आणि विद्वत्सभेचे निमंत्रण

नाताळच्या रात्री जगभरच्या ख्रिस्तमंदिरांतून लूककृत शुभवर्तमानातील जन्मकथा वाचली जाते. मेंढपाळ रानात कळप राखीत बसलेले असतात, अवचित आकाश उजळते आणि देवदूतांचा समुदाय ईश्वराचे स्तवन करू लागतो. या स्तवनाचा शेवट मात्र दोन प्रकारे वाचण्यात आला आहे. एका पाठाप्रमाणे देवदूत मनुष्यमात्राविषयी सद्भावाची घोषणा करतात. दुसऱ्या पाठाप्रमाणे पृथ्वीवरची शांती ही ज्यांच्यावर ईश्वराचा प्रसाद झाला आहे, अशा मनुष्यांसाठी आहे. अर्थात एवढे अंतर पडते ते मूळ ग्रीक शब्दाच्या अखेरीस एक 'स' आहे किंवा नाही, एवढ्यामुळे. 'युडोकिया' असे वाचले की पहिला अर्थ, 'युडोकियास' असे वाचले की दुसरा. सिनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या मठात सापडलेल्या चौथ्या शतकातील विख्यात पोथीत मूळ लेखनिकाने हा 'स' लिहिला आहे आणि पुढे कोणा शोधकाने तो काढून टाकला आहे.

ज्या परंपरेत 'इंद्रशत्रु' या एका शब्दाचा स्वर चुकला म्हणून त्वष्ट्याचा मंत्र त्याच्यावरच उलटल्याची कथा व्याकरणाच्या पहिल्या पाठात सांगतात, त्या परंपरेतील वाचकांस एका अक्षराचे मोल वेगळे पटवून देण्याची आवश्यकता नाही. प्रश्न असा की, अशी अक्षरे राखतो कोण, तपासतो कोण आणि त्यांवरचा वाद मिटवतो कोण? भक्त श्रद्धेने वाचतो, उपदेशक अर्थ सांगतो; परंतु त्या दोघांच्या मागे पोथ्या ताडून पाहणारा एक तिसरा पुरुष बसलेला असतो. त्याचे नाव उत्सवात घेतले जात नाही. आजच्या सणाच्या निमित्ताने त्या तिसऱ्या पुरुषाच्या सभेची ओळख करून द्यावी, असे योजिले आहे. 'सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर' हे तिचे नाव. तिची वार्षिक सभा नाताळाच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरात, अमेरिकेतील एखाद्या मोठ्या शहरी भरते. २०२३ साली ती सॅन अँटोनियो येथे आणि २०२४ साली सॅन दिएगो येथे भरली होती. तिच्या सभासदांकडे वर्षभर सूचना जात असतात. निबंध मागविले आहेत, प्रवासखर्चासाठी साहाय्य आहे, अमुक पुस्तक प्रसिद्ध झाले, तमुक विद्वान निवर्तले, असा तो मजकूर. वरवर पाहता रुक्ष. पण नीट वाचला तर ते एक निमंत्रण आहे आणि त्यात मराठी माणसासाठीही एक पाट मांडलेला आहे.

आठ जणांची बैठक

१८८० च्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे फिलिप शाफ यांच्या अभ्यासिकेत आठ विद्वान जमले. शाफ हे मूळचे स्वित्झर्लंडचे, ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाचे मोठे जाणकार. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पहिली सर्वसाधारण सभा भरली तेव्हा १८ माणसे हजर होती. संस्थेच्या मूळ नावात वाङ्मयाबरोबर 'एक्सेजेसिस', म्हणजे अर्थविवरण, हाही शब्द होता; पुढे नाव आखूड झाले. पद्धत साधी होती. एकाने निबंध वाचावा, इतरांनी तो तपासावा, आणि टिकेल तो छापावा. १८८१ मध्ये संस्थेचे नियतकालिक सुरू झाले. ते आजही त्रैमासिक रूपाने निघत आहे.

तो काळ मोठा खळबळीचा होता. इंग्रजी बायबलच्या जुन्या भाषांतराची फेरतपासणी इंग्लंड-अमेरिकेत चालू होती आणि तिच्या अमेरिकन समितीची धुरा शाफ यांच्याच खांद्यावर होती. १८८१ मध्ये नव्या कराराचा सुधारलेला पाठ प्रसिद्ध झाला. ज्या शब्दांवर पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना झाल्या, ते शब्द बदललेले पाहून अनेक भाविक अस्वस्थ झाले. प्रश्न विचारणाऱ्यांना किंमतही मोजावी लागली. संस्थेच्या पहिल्या पिढीतील चार्ल्स ब्रिग्ज या विद्वानावर त्यांच्या प्रेस्बिटेरियन पंथाने पाखंडाचा आरोप ठेवला आणि १८९३ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाच्या पदावरून निलंबित केले. अध्यापन मात्र त्यांनी सोडले नाही. धर्मग्रंथावरील प्रेम आणि धर्मग्रंथाची परीक्षा ही दोन्ही एकाच अंतःकरणात नांदू शकतात, हे ज्यांना पटत नव्हते, त्यांना या विद्वत्सभेने आपल्या कामानेच उत्तर दिले. या सभेत प्रवेशासाठी श्रद्धेची परीक्षा घेत नाहीत. ख्रिस्ती, यहुदी, अन्यधर्मीय, कोणताच धर्म न मानणारा, असा कोणीही तेथे बसू शकतो. प्रमाण एकच, ग्रंथ आणि त्यावरचा युक्तिवाद.

सभासदाला मिळते काय?

आपल्याकडे सभासदत्व म्हटले की मान, पहिल्या रांगेतील खुर्ची आणि पुष्पगुच्छ, असा समज आहे. या संस्थेत सभासदाला मिळते ते मुख्यतः प्रश्नांना तोंड देण्याचे भाग्य. सभेच्या कित्येक महिने आधी निबंधांचे आवाहन निघते. उत्पत्तीचे पुस्तक, स्तोत्रे, पौलाची पत्रे, प्राचीन भाषांतरे, पुरातत्त्व, स्त्रियांच्या दृष्टीने वाचन, वसाहतवादानंतरचे वाचन, असे कितीतरी विभाग असतात. इच्छुकाने आपल्या निबंधाचा थोडक्यात सारांश धाडावयाचा. विभागाचे चालक निवड करतात. निवड झाली की हातात अर्धा तास वेळ येतो आणि त्यातला काही भाग श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवलेला असतो. आम्हां कीर्तनकारांना पूर्वरंगात कोणी अडवीत नाही. श्रोता हात जोडून बसतो. शास्त्रार्थाच्या सभेत मात्र पूर्वपक्ष समोर उभा असतो आणि तो परतविल्यावाचून सिद्धांत होत नाही. ही सभा त्या दुसऱ्या जातीची.

यावाचूनही पुष्कळ काही असते. दूरच्या आणि साधनहीन अभ्यासकांना सभेस येण्यासाठी प्रवास-साहाय्य असते. नवोदितांच्या निबंधांसाठी पारितोषिके असतात. त्यांपैकी नव्या कराराच्या अभ्यासासाठी पॉल अख्टमायर यांच्या नावाचे आणि हिब्रू बायबलच्या अभ्यासासाठी डेव्हिड नोएल फ्रीडमन यांच्या नावाचे पारितोषिक विशेष मानाचे समजतात. नव्या ग्रंथांची परीक्षणे असतात. अध्यापकांच्या रिकाम्या जागांची माहिती असते, आणि येथेच त्या सूचनांतील खिन्न सूर ऐकू येतो. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर त्या देशी मानव्यविद्यांच्या जागा घटल्या. दहा-बारा वर्षे हिब्रू-ग्रीक घोकून विद्यावाचस्पती झालेले तरुण जागेची वाट पाहात राहतात. वेदशाळेतून दशग्रंथी होऊन बाहेर पडलेल्या मुलाचे पुढे काय, हा प्रश्न आपणांस नवा नाही. विद्या आणि वृत्ती यांची फारकत सर्वत्र तशीच आहे.

बंद पेटी आणि शब्दसूची

विद्वत्सभेचा खरा उपयोग कोणता, हे कळण्यासाठी मृत समुद्राकाठच्या पोथ्यांचा इतिहास पाहावा. १९४७ मध्ये कुमरान येथील गुहेत मातीच्या रांजणांतून चामड्यावर लिहिलेल्या गुंडाळ्या उजेडात आल्या. पुढे आणखी गुहा सापडल्या आणि सुमारे ९०० पोथ्यांचे लहानमोठे अवशेष हाती आले. यशयाच्या पुस्तकाची तेथील पोथी तर तोवर ज्ञात असलेल्या हिब्रू पोथ्यांहून सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली. पहिल्या काही पोथ्या लवकर छापल्या गेल्या. परंतु चौथ्या गुहेतील हजारो तुकडे मूठभर संपादकांच्या स्वाधीन झाले आणि दशके लोटली तरी त्यांतील पुष्कळसे इतरांच्या दृष्टीस पडेनात.

या तुकड्यांची एक शब्दसूची मात्र तयार झालेली होती. कोणता शब्द कोणत्या तुकड्यात, कोणत्या शब्दांच्या शेजारी आला आहे, याची ती नोंद. १९८८ मध्ये तिच्या अगदी थोड्या प्रती काढण्यात आल्या. अमेरिकेत सिनसिनाटी येथील हिब्रू युनियन कॉलेजात बेन झायन वॉखोल्डर नावाचे वृद्ध अध्यापक होते. त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली. मार्टिन अबेग हा त्यांचा विद्यार्थी. या गुरुशिष्यांनी संगणकाच्या साहाय्याने शब्दसूचीवरून उलट वाट धरली आणि शेजारचा शब्द शेजारी बसवीत मूळ पाठ पुन्हा जुळविले. १९९१ च्या सप्टेंबरात त्यांचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयाने आपल्याजवळची छायाचित्रे सर्व अभ्यासकांना खुली केली. पेटीचे कुलूप निघाले. त्याच वर्षी सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरने ठराव करून सांगितले की, प्राचीन लेख ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांनी ते, निदान त्यांच्या प्रतिकृती तरी, सर्व अभ्यासकांना पाहू द्याव्यात.

आणि आता पुन्हा देवदूतांच्या स्तवनाकडे वळू. कुमरानच्या स्तोत्रांत 'त्याच्या प्रसादाचे पुत्र' अशा अर्थाचा हिब्रू प्रयोग आढळला. शेवटी 'स' असलेला ग्रीक पाठ कित्येकांना अवघड आणि ओढूनताणून केल्यासारखा वाटत असे. तो येशूच्या काळच्या यहुदी बोलण्याला धरूनच आहे, असे त्यावरून दिसून आले. गुहेतील एक तुकडा गव्हाणीजवळच्या गीताचा साक्षीदार झाला. ही स्तोत्रांची पोथी बंद पेटीत न अडकता लवकर छापली गेली, म्हणूनच ही साक्ष वेळीच नोंदली गेली.

दारे कोणासाठी उघडली?

एवंच, खुल्या पोथ्या हव्यात आणि त्या वाचणारी माणसेही नाना ठिकाणची हवीत. आरंभी ही सभा अमेरिकेतील पुरुष विद्वानांची होती. १८९४ मध्ये ॲना एली ऱ्होड्स या पहिल्या स्त्री-सभासद झाल्या. अध्यक्षपदी स्त्री येण्यास मात्र १९८७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी एलिझाबेथ श्यूसलर फिओरेंझा यांनी बोस्टन येथे केलेल्या अध्यक्षीय भाषणाचा रोख असा होता की, ग्रंथाचा अर्थ लावणाऱ्याने त्या अर्थाचे समाजावर काय परिणाम होतात, याचीही जबाबदारी घेतली पाहिजे. ज्या ग्रंथवचनांचा आधार घेऊन गुलामगिरीचे आणि स्त्रियांच्या दास्याचे समर्थन झाले, त्या वचनांचा अभ्यासक केवळ व्याकरण सांगून मोकळा कसा होईल? हा प्रश्न बायबलपुरता नाही. आम्हा संस्कृतज्ञांनाही तो टाळता येणार नाही.

देशांची दारेही हळूहळू उघडत गेली. ज्या देशांत दरडोई उत्पन्न कमी आहे, त्या देशांतील अभ्यासकांसाठी संस्थेने सहकार्याचा एक उपक्रम चालविला आहे आणि भारत त्या देशांत मोडतो. तेथील वाचकांना संस्थेचे शेकडो ग्रंथ संगणकावर विनामूल्य वाचता येतात. सभासदत्वाची वर्गणीही हलकी ठेवलेली आहे. २०१० मध्ये संस्थेने मायकेल होम्स यांनी संपादिलेला नव्या कराराचा ग्रीक पाठ प्रसिद्ध केला, तोही विनामूल्य मिळतो. ज्या ग्रंथांसाठी पूर्वी परदेशी जावे लागे, ते आज तालुक्याच्या गावी बसलेल्या विद्यार्थ्याच्या हाताशी आहेत. उणीव असेल तर ती आता पुस्तकांची नव्हे, वाचणाराच्या तयारीची आहे.

मराठीचा वाटा

येथे कोणी म्हणेल, हे सर्व खरे, पण आपला यात काय संबंध? संबंध जुना आहे. गोव्यात येऊन राहिलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोल येथे छापून निघाले. त्यात मराठी ओवीने सृष्टीच्या आरंभापासून ख्रिस्तचरित्रापर्यंतची कथा अंगावर घेतली आहे. सतराव्या शतकातील तिच्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या आधारे, आणि त्यांतील देवनागरी पोथी लंडनला आहे. १८११ मध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी मराठी नवा करार छापला. १८३२ मध्ये मुंबईस जॉन विल्सन यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून लिहिले. ज्या साली न्यूयॉर्कला आठ जण एकत्र बसले, त्याच सुमारास आपल्या कोकणातील आणि मुंबईतील बेने इस्राएल बांधवांनी योसेफ आदी पूर्वजांची आख्याने मराठी कीर्तनातून मांडण्यास आरंभ केला होता. तोच साकी-दिंडीचा ठेका, तीच आख्यानाची रीत आणि कथा मात्र हिब्रू शास्त्रातील! त्याच समाजातील जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. नगरकडच्या ख्रिस्ती बांधवांनीही कीर्तन आपलेसे केले.

या सर्वांवर कळस चढविला तो पंडिता रमाबाईंनी. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाई बालपणी आईवडिलांबरोबर तीर्थक्षेत्रांतून पुराण सांगत फिरल्या. भागवताचे हजारो श्लोक त्यांच्या जिभेवर होते. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अनाथ आणि परित्यक्ता स्त्रियांचा संसार सांभाळीत असता त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत उतरविण्यास बसल्या. अशिक्षित बाईलाही कळावे, अशा सोप्या मराठीचा त्यांचा आग्रह होता. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला, तो काम संपवूनच. १९२४ मध्ये तो ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आला. खिळे जुळविणारे हात तेथील स्त्रियांचे होते. त्या कामामागे विद्यापीठ नव्हते, परिषद नव्हती. संस्कृत व्याकरणावर घडलेली बुद्धी हिब्रू वाक्याकडे कशी पाहते, याचा एवढा मोठा पुरावा दुसरीकडे क्वचित मिळेल. त्याची शब्दशः तपासणी करावी आणि जगापुढे मांडावी, हे काम कोणाचे? ज्याला मराठी, संस्कृत आणि हिब्रू या तिन्ही भाषा येतात त्याचे. असा मनुष्य अमेरिकेत निपजण्याचा संभव थोडा. तो येथेच निपजला पाहिजे.

निमंत्रण स्वीकारायचे तर

पाठचिकित्सा ही आपणांस परकी विद्या नव्हे. पैठणच्या नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचे प्रधान संपादक विष्णु सीताराम सुकथनकर हे बर्लिनला जाऊन ग्रंथसंपादनाची शिस्त शिकून आलेले होते. हिब्रू लिपीत मुळात व्यंजनेच लिहीत. स्वरचिन्हे पुढे मॅसोरेट पंडितांनी घातली आणि पाठ ढळू नये म्हणून शब्द आणि अक्षरे मोजून ठेविली. पदपाठ, क्रमपाठ आणि घनपाठ यांनी वेद राखणाऱ्या देशाला ही चिंता सहज समजेल. हिब्रूतील तीन वर्णांचे धातू पाहून पाणिनीच्या विद्यार्थ्याला तर घरी आल्यासारखे वाटावे.

साधनेही दूर नाहीत. पुण्यात ज्ञानदीप आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी या संस्थांतून बायबलच्या मूळ भाषा शिकवितात. बायबलच्या अभ्यासकांची भारतातही स्वतंत्र संस्था आहे. उणे आहे ते एवढेच की, धर्मशाळेतला विद्यार्थी संस्कृताकडे फिरकत नाही आणि संस्कृतचा विद्यार्थी हिब्रूचे नाव काढीत नाही. दोघांच्या मध्ये एक भिंत आहे आणि ती भाषेची नसून संकोचाची आहे. रमाबाईंनी ती एकट्याने ओलांडली; आता तर पलीकडून हाक येत आहे.

ही हाक फार काळ येत राहील, या भ्रमात राहू नये. बेने इस्राएल समाजाचा मोठा भाग इस्राएलमध्ये जाऊन वसला. तेथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले, ही अभिमानाची गोष्ट; पण नातवंडांची भाषा आता हिब्रू आहे, आणि जुन्या कीर्तनांच्या चाली ज्यांच्या गळ्यात आहेत, ती माणसे वयोवृद्ध आहेत. जुन्या चोपड्या घराघरांतून पडून आहेत. त्या पाहणारा आज निघाला नाही, तर उद्या त्यांचा निबंध दुसरा कोणी लिहील आणि चालीविना लिहील. किंवा मुळीच लिहिला जाणार नाही.

म्हणून महाविद्यालयांतील मराठी आणि संस्कृतच्या अध्यापकांना, तसेच ख्रिस्ती आणि यहुदी बांधवांतील तरुणांना माझी विनंती आहे. पुढील सभेसाठी निबंधांचे आवाहन निघेल तेव्हा ते वाचावे. क्रिस्तपुराणातील एखादा प्रसंग घ्यावा, रमाबाईंचा एखादा अध्याय घ्यावा, बेने इस्राएल कीर्तनातील एखादे आख्यान घ्यावे आणि त्यावर नेटका सारांश लिहून धाडावा. निवड झाली नाही तर पुन्हा धाडावा. तयारीसाठी आज एक अक्षर शिकले तरी आरंभ झाला, असे समजावे. हिब्रू वर्णमालेत अक्षरे बावीसच आहेत.

देवदूतांच्या गीतातील तो एक 'स' असो वा नसो, शांतीची वार्ता दोन्ही पाठांत आहे. ती ज्यांच्या कष्टांनी आपल्यापर्यंत शुद्ध पोचली, त्या अनाम लेखनिकांना आणि शोधकांना वंदन करून समस्त वाचकांस नाताळच्या शुभेच्छा देतो.